८६ टक्के मतं मिळाली, जमीन मात्र गेली: टोटनेसच्या बंद डेअरीचं प्रकरण

गावाचं नाव लपवण्यात अर्थ नाही, कारण ही गोष्ट जाहीरपणे घडलीय. कंपन्यांची आणि गावातल्या कार्यकर्त्यांची नावं मात्र मुद्दाम टाळलीत, कारण मला कुणाला दोष द्यायचा नाहीये. गावासाठी काही उभं करू बघणाऱ्या कुठल्याही गटाला उपयोगी पडेल असं हे प्रकरण आहे, आणि त्यातले निर्णयाचे क्षण नीट बघावेत असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हनमध्ये डार्ट नदीच्या काठावर टोटनेस आहे. वस्ती आठ-नऊ हजार, म्हणजे आपल्याकडची एखादी लहान नगरपंचायत समजा. चढावर जुना बाजार, वर किल्ला, खाली रेल्वे स्टेशन.

२००५ साली आयर्लंडमधल्या किन्सेल गावात रॉब हॉपकिन्स कॉलेजात पर्माकल्चर, म्हणजे निसर्गाच्या रीतीने शेती आणि वस्ती आखण्याची पद्धत, शिकवायचे. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक आराखडा केला, की २०२१ पर्यंत आपल्या गावाचं खनिज तेलावरचं अवलंबन कसं उतरवत न्यायचं, अन्न कुठून आणायचं, घरं कशी बांधायची, वाहतुकीचं काय. नंतर हॉपकिन्स टोटनेसला आले आणि २००६ मध्ये तिथे ट्रांझिशन टाऊन सुरू झालं. मूळ विचार साधा आहे. तेल कधीतरी महागणार, हवामान बिघडतंय, सरकार हलेल तेव्हा हलेल, तर गावाने आजच आपापली तयारी सुरू करावी आणि ती तक्रारीच्या सुरात नको, लोकांना हवंहवंसं वाटेल अशी असावी. तिथून ही कल्पना किती देशांत गेली ते आता जगजाहीर आहे.

टोटनेसमध्ये बरंच काही झालं. गावात अक्रोड-बदामासारखी झाडं लावली. २००७ मध्ये टोटनेस पाउंड नावाचं गावापुरतं चलन काढलं, ते २०१९ पर्यंत चाललं, मग लोकांनी रोख वापरणंच सोडलं म्हणून बंद केलं. ट्रांझिशन स्ट्रीट्समध्ये एकाच गल्लीतली सहा-आठ घरं एकत्र बसून वीज, पाणी, अन्न, प्रवास एकेक करून कमी करायची. साधारण ५०० घरं त्यात आली, घरामागे वर्षाला ५७० पाउंडांच्या आसपास बचत झाली आणि २०११ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठीचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. मला हा उपक्रम फार आवडतो, कारण त्यात शेजारी एकमेकांना ओळखायला लागले, आणि पुढे जे झालं त्यासाठी माणसं इथूनच मिळाली.

थोडं विषयांतर करतो. टोटनेसला लागूनच डार्टिंग्टन आहे. रवींद्रनाथांबरोबर श्रीनिकेतनमध्ये काम केलेल्या लेनर्ड एल्महर्स्ट यांनी १९२५ मध्ये तिथे ग्रामीण पुनर्रचनेचा प्रयोग सुरू केला. पुढे १९९० मध्ये तिथेच पर्यावरणाचा विचार शिकवणारं शूमाखर कॉलेज निघालं, त्यामागे होते सतीश कुमार, जे तरुणपणी विनोबांच्या भूदानात होते. म्हणजे जमीन कुणाची आणि गावाचा तिच्यावर काय हक्क, हा आपल्या विनोबांचा प्रश्न त्या परिसरातल्या हवेत आधीपासून होता. या प्रकरणाचं मूळ शेवटी त्याच प्रश्नात आहे.

अडचण नेमकी काय होती

२००७ मध्ये स्टेशनजवळची दुधाची डेअरी बंद झाली. दीडशेच्या वर लोकांचं काम गेलं, आणि सुमारे ८ एकर जागा रिकामी पडली. आठ हजारांच्या गावात दीडशे नोकऱ्या म्हणजे काय ते साखर कारखाना बंद पडलेल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला विचारा.

त्या जागेत एक वेगळीच इमारत आहे. ब्रुनेल नावाच्या प्रसिद्ध इंजिनियरने १८४० च्या दशकात इंजिनाशिवाय, नळीतल्या हवेच्या दाबावर चालणारी रेल्वे करून पाहिली होती, तिच्यासाठी टोटनेसला पंपघर बांधलं. पण १८४८ मध्ये ती योजनाच गुंडाळली आणि टोटनेसचं पंपघर त्या कामासाठी कधी वापरलंच गेलं नाही. डेअरी गेल्यावर ते पाडलं जाईल अशी भीती होती, लोकांनी धडपड करून त्याला वारसा इमारत म्हणून संरक्षण मिळवून दिलं. ही पहिली छोटी जीत होती.

खरा प्रश्न घरांचा होता. टोटनेस सुंदर आहे, लंडनहून थेट गाडी येते, निवृत्त होऊन येणारे लोक आहेत, दुसरं घर घेणारे आहेत. घरांच्या किमती स्थानिक पगाराच्या पार पलीकडे गेल्या. मग गावात काम करणारी नर्स, स्वयंपाकी, सुतार राहतात वीस-पंचवीस किलोमीटर लांब आणि रोज गाडीने येतात. म्हणजे तुम्ही गल्लीगल्लीत दिवे बदला, भिंतींना उष्णतारोधक थर लावा, पण गाव चालवणारी माणसंच जर पेट्रोल जाळत येत असतील तर लो-कार्बन गाव म्हणायचं कशाला? ट्रांझिशनच्या गटाला हे उमगलं आणि माझ्या मते हेच त्यांचं मोठेपण. परसबागेवर समाधान मानून ते थांबले नाहीत, थेट घर, रोजगार आणि जमिनीला हात घातला.

दुसरी बाजू पैशांची. २०१३ मध्ये गावातल्या संस्थांनी मिळून स्थानिक अर्थव्यवस्थेचा हिशोब मांडला. टोटनेस आणि परिसरात अन्नावर वर्षाला सुमारे ३ कोटी पाउंड खर्च होतात, त्यातले २.२ कोटींच्या आसपास दोन सुपरमार्केटांत जातात. त्यातला थोडा भाग जरी स्थानिक उत्पादकांकडे वळवायचा तरी त्यांना किचन, गोदाम, प्रक्रिया करायला जागा लागणार. आणि गावात मोठी मोकळी जागा एकच, डेअरीची.

समोर असलेले पर्याय

एक, काहीच करायचं नाही. मालक जागा बिल्डरला विकेल, बिल्डर अर्ज टाकेल, मग गावाने हरकती नोंदवायच्या. जगभर असंच होतं. यात गावाला फक्त नाही म्हणता येतं, काय हवंय ते सांगता येत नाही.

दोन, कौन्सिलने, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या स्थानिक संस्थेने, जागा सक्तीने संपादित करावी. कायद्यात सोय आहे, पण लहान जिल्हा कौन्सिलकडे पैसा नसतो आणि कोर्टकज्ज्यात वर्षं जातात.

तीन, गावाने लगेच वर्गणी, शेअर, कर्ज काढून जागा विकत घ्यायची. हे सगळ्यात मजबूत, आणि सगळ्यात जड. जुन्या कारखान्याची जमीन, त्यात साफसफाईचा खर्च, वर काय बांधता येईल याची परवानगी नाही, अशा जागेवर कर्ज कोण देणार.

चार, मालकाशी हातमिळवणी. गाव आराखडा करेल, परवानगी मिळवेल, मालक तोपर्यंत थांबेल आणि मग ठरल्या अटींवर जागा गावाच्या संस्थेला देईल.

यासाठी गावात एक कम्युनिटी डेव्हलपमेंट सोसायटी उभी राहिली होती, आणि त्यांनी चौथा पर्याय निवडला. योजनेचं नाव अॅटमॉस, त्या हवेच्या दाबाच्या रेल्वेवरून. मला हा निर्णय त्या वेळच्या परिस्थितीत चुकीचा वाटत नाही. हातात पैसा नाही, पण माणसं आहेत, कल्पना आहेत, गावाचा विश्वास आहे, तर जे आहे ते घेऊनच टेबलावर बसणार ना.

काय काय केलं

वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये मालक कंपनीशी करार झाला. एक मोठी कंपनी आपल्या बंद कारखान्याची जागा गावाच्या संस्थेसाठी राखून ठेवायला तयार होते ही बारीक गोष्ट नाही, आणि तेव्हाच्या व्यवस्थापनाला त्याचं श्रेय द्यायला हवं.

मग प्रश्न परवानगीचा. नेहमीचा मार्ग म्हणजे जिल्हा कौन्सिलकडे अर्ज आणि कौन्सिलरांचा निर्णय. पण २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने इंग्लंडमध्ये एक नवी वाट काढून दिली होती, कम्युनिटी राइट टु बिल्ड ऑर्डर. गावातल्या संस्थेने स्वतः आराखडा करायचा, लोकांशी चर्चा करायची, स्वतंत्र परीक्षक तो तपासतो आणि मग गावात सार्वमत. निम्म्याहून जास्त मतं बाजूने पडली की बांधकामाची परवानगी मिळाली, वेगळा अर्ज लागत नाही. बहुतेक गावांनी ही वाट पाच-दहा घरांसाठीसुद्धा वापरली नाही, आणि टोटनेसने ती ८ एकरांसाठी वापरायची ठरवली.

इथून पुढचा काळ म्हणजे मीटिंगा, नकाशे, पुन्हा मीटिंगा. लोकांना विचारलं की इथे काय हवं. घरं हवीत, पण भाडं स्थानिक पगाराशी जोडलेलं हवं. सरकारी व्याख्येतलं परवडणारं म्हणजे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत, आणि जिथे बाजारभावच आकाशाला भिडलाय तिथे त्याचे ८० टक्के काय कामाचे. म्हातारपणी गावातच राहता येईल अशी घरं हवीत. छोट्या उद्योगांना जागा हवी, खाद्यपदार्थांचा धंदा शिकायला आणि सुरू करायला जागा हवी, एक हॉटेल हवं म्हणजे पाहुण्यांचा पैसा गावात राहील, ब्रुनेलच्या इमारतीत कलेसाठी जागा हवी. सगळं मिळून शंभरच्या आसपास घरं आणि त्याबरोबर रोजगार.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. हवामानावर काम करणारे गट बहुतेकदा लोकांना काय सोडायचं ते सांगतात. इथे लोकांना विचारलं की तुम्हाला काय मिळायला हवं, आणि उत्तरातून जे निघालं ते आपोआप कमी कार्बनचं होतं, कारण काम आणि घर जवळ, स्टेशन जवळ, अन्न जवळचं. ज्यांना हवामान वगैरे शब्दांशी देणंघेणं नव्हतं ते लोकसुद्धा मुलीला गावात घर मिळेल म्हणून आले.

नोव्हेंबर २०१६ मध्ये सार्वमत झालं आणि ८६ टक्के मतं बाजूने पडली. बांधकामाच्या बाजूने ८६ टक्के! जिथे कुठेही नवीन इमारत म्हटलं की लोक विरोधाचे फलक घेऊन उभे राहतात त्या देशात.

मग काय झालं

सार्वमतानंतर परवानगी होती, आराखडा होता, गाव मागे होतं. उरला होता पैसा आणि खरेदीखत. या आकाराच्या प्रकल्पाला कोट्यवधी पाउंड लागतात आणि गावाच्या संस्थेला ते कुणी एकरकमी देत नाही. भागीदार शोधा, त्यांच्या वकिलांना समजावा, अटी जुळवा, जमिनीची तपासणी, पुन्हा अटी. यात वर्षं गेली.

तेवढ्यात २०१९ मध्ये मालक कंपनीच एका परदेशी दूध कंपनीने विकत घेतली. ज्या माणसांनी करार केला होता, ज्यांनी गावात येऊन चहा प्यायला होता, त्यांच्या वर आता वेगळं व्यवस्थापन बसलं, आणि त्यांच्या दृष्टीने टोटनेस म्हणजे मालमत्तेच्या यादीतली एक ओळ. काही महिन्यांतच जागा तिसऱ्याच एका खाजगी कंपनीला विकली गेली. सोसायटीचं म्हणणं होतं की आम्ही खरेदीच्या तयारीत होतो. गावात संताप झाला, सह्या झाल्या, मोहीम झाली, नव्या मालकाकडून जागा परत मिळवायचे प्रयत्न झाले. पण व्यवहार झाला होता. मंजूर झालेला अॅटमॉस आराखडा त्या जागेवर उभा राहिला नाही.

हे लिहिताना मला गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. १९९१ च्या नियमात मुंबईच्या बंद गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटे एकूण जमिनीचे नाही, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे होणार, आणि शहराच्या आणि गिरणी कामगारांच्या वाट्याची जमीन पार आक्रसली. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. कायदा वेगळा, देश वेगळा, पण घाव एकाच जागी आहे. सगळे नकाशावर काय असावं यावर भांडत होते आणि खेळ ठरत होता मालकी आणि अटींच्या बारीक अक्षरांत.

निर्णयाचे क्षण, आणि काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की बांधकामाची परवानगी जमिनीला मिळते, माणसाला मिळत नाही. सोसायटीने दहा वर्षं कष्ट करून जी परवानगी मिळवली ती त्या ८ एकरांना चिकटली, आणि ते ८ एकर दुसऱ्याच्या नावावर होते. गाव जितकं छान काम करत होतं तितकी दुसऱ्याच्या जमिनीची किंमत आणि आकर्षण वाढण्याची शक्यता होती. म्हणून सार्वमताच्या आधी, मोठ्या मीटिंगांच्याही आधी, जमिनीवर नोंदवलेला हक्क हवा. ठरलेल्या किमतीला, ठरलेल्या मुदतीत, आम्हीच विकत घेऊ शकतो असा खरेदीचा पर्याय, आणि तो जमिनीच्या सरकारी दप्तरात नोंदवलेला, म्हणजे नवा मालक आला तरी त्याच्यावरही बंधन. यासाठी सुरुवातीलाच चांगला वकील आणि काही पैसा लागतो, आणि गटांचा सगळा पैसा बहुतेकदा आर्किटेक्ट आणि कार्यक्रमांवर जातो. मी असा गट चालवत असेन तर पहिला खर्च वकिलावर करेन.

दुसरं, करार करताना विचारायला हवं की ही कंपनीच विकली गेली तर काय? शेअर विकले जातात तेव्हा कागदावर जमिनीचा मालक तोच राहतो, फक्त त्याच्या मागची माणसं बदलतात. त्यामुळे मालकी हस्तांतरित झाल्यास वगैरे साध्या अटी अशा वेळी लागू होत नाहीत. कंपनीचं नियंत्रण बदललं तर गावाचा खरेदीचा हक्क ताबडतोब वापरता येईल, मुदत आपोआप वाढेल, अशी स्पष्ट ओळ लागते. चांगल्या माणसांवर विश्वास ठेवावा, पण ती माणसं निवृत्त होतात, त्यांची बदली होते.

तिसरं, आकार. ८ एकर एकदम की तुकड्या-तुकड्याने? यावर मी बराच विचार केला आणि मला अजूनही दोन्ही बाजू पटतात. एकत्र आराखड्यात हॉटेलच्या उत्पन्नातून घरांचं भाडं खाली ठेवता येतं, सगळं एकमेकांना धरून असतं. पण मग पैसाही एकदमच उभा करावा लागतो, आणि तो उभा राहीपर्यंत एक वीटही गावाच्या मालकीची नसते. समजा आधी पंपघर आणि त्यालगतचा एक एकर घेतला असता, स्थानिक शेअर काढून. तर आत पाय रोवलेला असता आणि उरलेली जागा विकत घेणाऱ्याला गावाशी बोलणं भाग पडलं असतं. टोटनेसमध्ये स्थानिक शेअर काढून अक्षय ऊर्जेची सोसायटी आधीच उभी राहिली होती, म्हणजे लोक खिशात हात घालतात हे माहीत होतं.

चौथा मुद्दा वेगाचा. सार्वमताचा मार्ग निवडल्याने गावाची ताकद दिसली हे खरं, पण करार २०१४ चा, मत २०१६ चं आणि २०१९ पर्यंत खरेदी नाही. मला वाटतं लोकांशी चर्चा आणि पैशाची बोलणी एकामागून एक न करता शेजारी-शेजारी चालवायला हवीत, जरी त्यात कार्यकर्त्यांची दमछाक होते. यासाठी पगारी माणूस लागतोच. संध्याकाळी नोकरीवरून येऊन मीटिंग घेणाऱ्या स्वयंसेवकांनी गुंतवणूकदारांच्या वकिलांशी टक्कर द्यावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

आणि काही गोष्टी गटाच्या हातात नव्हत्याच. त्याच २०११ च्या कायद्यात गावाला एखादी जागा सामुदायिक मूल्याची म्हणून नोंदवता येत होती, मालक विकायला निघाला आणि गावातल्या गटाने रस दाखवला तर त्याला सहा महिने थांबावं लागायचं, त्या काळात गाव बोली लावू शकत होतं. पण सहा महिन्यांनंतर मालक कुणालाही विकू शकत होता, गावाला विकण्याचं बंधन नव्हतं. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने गावाला पहिला हक्क दिला, म्हणजे नोंदणी केलेली जमीन मालकाने विकायला काढली तर आधी गावाला विचारायचं. सुरुवातीला तो ग्रामीण भागापुरता होता, २०१६ पासून शहरी वस्त्यांनाही लागू झाला. त्याच्याही आधी १९९७ मध्ये आयल ऑफ एग बेटाच्या रहिवाशांनी पैसे गोळा करून अख्खं बेट विकत घेतलं आणि २००८ मध्ये तिथे वारा, पाणी, सूर्य यांच्यावर चालणारी स्वतःची वीज यंत्रणा सुरू केली. टोटनेस जर सीमेच्या उत्तरेला असतं तर २०१९ च्या त्या विक्रीच्या वेळी गावाच्या हातात कायद्याचा एक कागद असण्याची शक्यता बरीच जास्त होती. आपल्याकडेही गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये आधी सामूहिक वनहक्क कागदावर घेतला आणि मग बांबू विकायला काढला. क्रम तोच, आधी हक्काची नोंद, मग योजना.

टोटनेसच्या लोकांचा आराखडा, त्यातली भाड्याची सूत्रं, सार्वमताची सगळी प्रक्रिया हे सगळं लिहिलेलं आहे आणि दुसऱ्या गावांना वापरता येण्याजोगं आहे. तुमच्या गावात बंद पडलेली जिनिंग, सूतगिरणी, एसटीचं जुनं वर्कशॉप असेल आणि तिथे काहीतरी चांगलं व्हावं असं दहा जणांना वाटत असेल, तर पहिल्या मीटिंगला सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून आणा, मालकाच्या कॉलममध्ये कुणाचं नाव आहे, इतर हक्कांत कुणाचा बोजा आहे ते सगळ्यांनी वाचा, आणि त्या मालकाशी लेखी काय ठरवता येईल यावर बोलून झाल्यावरच नकाशा उलगडा.